ढाबळीतली हवा

शर्यतीच्या कबुतरांविषयीची बहुतेक पुस्तकं बेल्जियम, हॉलंड आणि इंग्लंडकडून आली. होमर जात एकोणिसाव्या शतकात घडली तीच मुळी बेल्जियममध्ये, तेव्हा त्यात नवल नाही. पण त्या पुस्तकांतली ढाबळ थंडीला भिऊन बांधलेली असते. लाकडी तक्तपोशी, कौलांखाली छत, उत्तरेकडून बंद, दक्षिणेकडून काच. डिसेंबरात उणे तापमानात पाखरू गारठू नये, ही तिथली पहिली काळजी. ती ढाबळ जशीच्या तशी मासवणला उभी केली, तर पहिल्याच श्रावणात पाखरांची नाकं गळायला लागतील.

मासवणचं नाव घेतलं ते तिथल्या हवेसाठी. पालघर-मनोर रस्त्यावर, सूर्या नदीच्या काठी हे गाव आहे. वसई-विरारच्या नळांना येणारं सूर्येचं पाणी इथूनच उपसलं जातं. वायव्येला बोईसर-तारापूरचा कारखान्यांचा पट्टा, पश्चिमेला पालघर ओलांडलं की समुद्र, पूर्वेला डोंगर. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भाताच्या खाचरांत पाणी उभं असतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये चपलांनासुद्धा बुरशी चढते. इथे थंडी हा प्रश्नच नाही. प्रश्न ओलीचा आहे. मग उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याचा. ढाबळीच्या रचनेपासून तिच्या झाडलोटीपर्यंतचा सगळा विचार या दोन गोष्टींभोवती फिरवावा लागतो.

आधी पाखराचा श्वास समजून घेऊ. आपली फुप्फुसं भात्यासारखी फुगतात आणि आकसतात. कबुतराची तशी नाहीत. ती जवळजवळ ताठ असतात, आणि भात्याचं काम अंगभर पसरलेल्या नऊ पातळ हवापिशव्या करतात. त्यामुळे श्वास आत घेताना आणि बाहेर सोडताना, दोन्ही वेळा फुप्फुसातून ताजी हवा एकाच दिशेने जात राहते. पाचशे किलोमीटर न थांबता उडणाऱ्या पाखराची ताकद या रचनेत आहे आणि दुबळेपणाही इथेच आहे. हवेत जे काही असेल, धूळ, बुरशीचे बीजकण, अमोनिया, ते हवापिशव्यांपर्यंत पोचतं, आणि या पिशव्यांना रक्तपुरवठा फार कमी असल्याने तिथे जडलेला आजार औषधाने सहज हटत नाही. कबुतराला घामही येत नाही. उकाड्यात ते चोच उघडून, गळा थरथरवत धापा टाकतं, म्हणजे नको ती हवा आणखी जोरात आत ओढतं.

त्यात कबुतर स्वतःच धूळ तयार करतं. त्याच्या काही पिसांची टोकं झिजून त्यांची पांढरी भुकटी होते. कबुतर खिडकीच्या काचेवर आपटलं की पंख पसरलेल्या पाखराचा छाप काचेवर उमटतो, तो याच भुकटीचा. पिसं पाण्यापासून राखायला ती लागते, आणि अंगावर भुकटी नसलेलं कबुतर बहुधा आजारी असतं. पण वीस पाखरांची भुकटी, वाळलेली शीट आणि धान्याचा कोंडा बंद खोलीत साठला, तर पाखरांना आणि पाळणाऱ्याला दोघांनाही ते महागात पडतं.

अमोनियाचं गणित वेगळं. कबुतराच्या शिटेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. कोरडी राहिली तर ती शीट महिनोन्‌महिने निरुपद्रवी पडून राहते. तिला ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू युरिक आम्ल फोडतात आणि अमोनिया सुटतो. कोंबडीपालनात हवेच्या दहा लाख भागांत पंचवीस भाग अमोनिया ही वरची मर्यादा मानतात. त्याच्याही आधी श्वासनळीच्या आतले बारीक केस, जे कचरा वर ढकलून बाहेर टाकतात, ते लुळे पडू लागतात. मग घशात कोणतेही जंतू आले तरी त्यांना वाट मोकळी. म्हणून ढाबळीत शिरताना नाकाला झणझणलं, तर कोणतं औषध द्यायचं हे विचारण्याआधी ओल कुठून येते ते शोधावं. आणि वास पहाटे, आत शिरताक्षणी घ्यावा, कारण दहा मिनिटं आत राहिलं की आपलं नाक त्या वासाला सरावतं.

ओल रोखायची तर बांधकामापासून सुरुवात करावी लागते. ढाबळ जमिनीला टेकलेली नको. दीड-दोन हात उंच खांबांवर ती उचलली की खालून वारा फिरतो, जमिनीची ओल वर चढत नाही आणि घुशीला बिळासाठी आडोसा मिळत नाही. मासवणला पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, सरी तिरप्या मारतो. म्हणून पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत भरीव हवी आणि तिकडचं छप्पर दोन-तीन फूट पुढे काढलेलं हवं. जाळीची, उघडी बाजू पूर्वेला. सकाळचं ऊन थेट जमिनीपर्यंत पोचतं, रात्रीची दमट हवा उडते आणि दुपारनंतर पश्चिमेचा दाह पाखरांवर येत नाही. युरोपातली पुस्तकं दक्षिणेला तोंड करा म्हणतात, कारण तिथे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि त्याचा एकेक किरण हवा असतो. आपल्याकडे दक्षिणेला तोंड म्हणजे पावसाच्या वाऱ्याला दार उघडून देणं.

आता हवा. ती खालून शिरली पाहिजे आणि वरून निघाली पाहिजे. पाखरांच्या अंगाची ऊब एकेचाळीस-बेचाळीस अंश सेल्सिअस असते, त्यामुळे आतली हवा तापते, हलकी होते आणि वर चढते. आढ्याजवळ तिला वाट असेल तर ती निघून जाते आणि तिच्या जागी खालच्या फटींतून ताजी हवा येते. वरची वाट बंद असेल तर तीच हवा छपराशी थंडावून, ओल घेऊन पुन्हा पाखरांवर उतरते. या भागातल्या वारली आणि कोकणा घरांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, आणि भिंत व छप्पर यांच्यामध्ये सोडलेली फट. चुलीचा धूर त्या फटीतून आणि कौलांच्या सांध्यांतून निघून जातो, तरी वाऱ्याचा झोत माणसाच्या अंगावर येत नाही. ढाबळीला नेमकं हेच हवं. मात्र कारवीचा कूड आतल्या बाजूने उघडा ठेवू नये. काठ्यांमधल्या चिरा म्हणजे रक्त पिणाऱ्या लाल किड्यांची दिवसाची लपण्याची जागा. हे किडे रात्री बाहेर पडून पिल्लांचं रक्त शोषतात आणि उजाडलं की पुन्हा चिरेत जातात. आत गुळगुळीत फळ्या, बाहेर कूड, असं केलं तर दोन्ही साधतं.

वारा आणि झोत यांत फरक आहे आणि तो डोळ्यांनी बघता येतो. संध्याकाळी पाखरं आपापल्या खणांत बसली की एक उदबत्ती पेटवा. आधी ती खालच्या फटीशी धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग ती पाखरांच्या बैठकीच्या उंचीवर न्या. इथे धूर सरळ, सावकाश वर चढला पाहिजे. आडवा पळाला तर तिथे बसणाऱ्या पाखराला रात्रभर झोत लागतो आणि त्या खणातलंच पाखरू वारंवार का शिंकतं याचं उत्तर तुम्हाला मिळालं. शेवटी आढ्यापाशी. तिथे धूर घुटमळून खाली वळला, तर वरची वाट अपुरी आहे. हीच परीक्षा पावसाच्या रात्री, सगळे पडदे सोडलेले असताना पुन्हा करावी, कारण ढाबळ बिघडते ती त्याच रात्रींत. सरीच्या भीतीने माणूस चारही बाजूंना ताडपत्री बांधतो आणि सकाळी आत भिंतींना पाणी सुटलेलं असतं. ताडपत्री बांधायचीच तर वरची एक वीत आणि खालची एक वीत मोकळी ठेवून.

छपराबद्दल माझं मत ठाम आहे: परवडत असेल तर कौलं. चुना-सिमेंट न लावता बसवलेली मंगलोरी कौलं स्वतःच श्वास घेतात. साधा लोखंडी पत्रा मे महिन्यात ढाबळीची भट्टी करतो आणि थंडीच्या पहाटे त्याला आतून घाम सुटतो. ते थेंब खाली शिटेवर पडतात आणि वर सांगितलेलं अमोनियाचं चक्र भर हिवाळ्यात सुरू होतं. पत्राच असेल, तर त्याच्या वर चार-सहा इंच अंतर सोडून ताडाच्या किंवा माडाच्या झापांचा दुसरा थर द्यावा. दोहोंमधली हवा ऊन अडवते. झाप दरवर्षी बदलावे लागतात, पण तो खर्च औषधांपेक्षा कमी आहे.

गर्दीचा हिशेब बहुतेक जण फुटांत करतात, तो घनफुटांत करावा. एक घनमीटर, म्हणजे सुमारे पस्तीस घनफूट हवेत दोन ते तीन पाखरं, असा जुना ठोकताळा आहे. आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि सात फूट उंच ढाबळीत ३३६ घनफूट हवा मावते. ठोकताळ्याने एकोणीस ते अठ्ठावीस पाखरं बसतात. कोकणपट्टीत मी खालचा आकडा, फार तर वीस, धरीन. वीस पाखरांनंतर एकविसावं आवडलं, तर आधी एक कुणाला तरी देऊन टाकावं. मुंबईच्या गच्च्यांवरच्या कबुतरबाजांना आणि कोल्हापूरकडच्या शौकिनांना हे पटवणं सर्वांत अवघड. शौक वाढतो तसा खणांवर खण चढतो आणि ढाबळीचं गोदाम होतं.

झाडलोटीत सर्वांत मोठा गैरसमज पाण्याचा आहे. आपल्याकडे स्वच्छ म्हणजे धुतलेलं. ढाबळीला हे लागू नाही. पावसाळ्यात बादलीभर पाणी ओतून लख्ख धुतलेली जमीन दोन दिवस वाळत नाही आणि त्या दोन दिवसांत घाणेरड्या ढाबळीपेक्षा जास्त रोग पिकवते. कॉक्सिडिया नावाच्या आतड्यातल्या परजीवीचं उदाहरण घ्या. त्याची अंडीवजा गाठ शिटेतून पडते तेव्हा ती कुणाला लागण करू शकत नाही. ऊब, हवा आणि ओल मिळाली तर एक-दोन दिवसांत ती पिकते, आणि मग ती खाणाऱ्या पाखराला जुलाब लागतात. म्हणजे रोज सकाळी शीट खरवडली की गाठ पिकण्याआधीच घमेल्यात गेली, आणि जमीन कोरडी असेल तर राहिलेलीही पिकत नाही. खुरपं किंवा रुंद पात्याची खरवडणी, केरसुणी, घमेलं आणि रोजची पंधरा मिनिटं, एवढंच साहित्य. गोल किड्यांच्या अंड्यांना पिकायला याहून जास्त दिवस लागतात, तेव्हा तीही याच फेऱ्यात निघून जातात.

काही जण भाताच्या तुसाचा जाड थर घालून तो महिनोन्‌महिने ठेवतात. मासवण परिसरात तूस मुबलक मिळतं, म्हणून हा मोह होतो. नोव्हेंबर ते मे चालतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात मात्र तो सगळा थर काढून टाकावा. दमट तूस आणि जुना पेंढा म्हणजे अस्परजिलस बुरशीचं माहेर. तिचे बीजकण हवापिशव्यांत रुजले की पाखरू वाळत जातं आणि इलाज फारसा उरत नाही. घरट्यासाठीही पेंढ्याऐवजी कडुनिंबाच्या वाळक्या काड्या किंवा खराट्याचे हीर द्यावेत.

धुवायचं ते वर्षातून एकदा, एप्रिल-मेमध्ये. पाखरं दिवसभर बाहेरच्या पिंजऱ्यात, खण सुटे करून उन्हात, भिंती घासून धुवायच्या, दुपारच्या उन्हाने कडकडीत वाळू द्यायच्या, मग ताज्या विरवलेल्या चुन्याचा हात. चिरांवरून बत्तीची ज्योत फिरवली तर लाल किड्यांचा निकाल लागतो; लाकूड आहे हे लक्षात ठेवून, पाण्याची बादली शेजारी ठेवून.

खरवडताना शीट वाचायची सवय लागावी. निरोगी कबुतराची शीट घट्ट, गोटीएवढी, तपकिरी असते, तिच्यावर पांढरी टोपी असते आणि बऱ्याचदा एखादं मऊ पीस चिकटलेलं असतं. पातळ हिरवी शीट, पाण्याचं थारोळं आणि त्यात दोरीसारखा मधला भाग, किंवा टोपीच नसणं, या तिन्ही खुणा वेगवेगळ्या. पाण्याच्या थारोळ्याबरोबर मान वाकडी होत असेल, दाणा टिपताना चोच चुकत असेल, तर पॅरामिक्झोव्हायरसचा संशय घ्यावा. कोंबड्यांच्या मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा, हा चुलतभाऊ. त्यावर औषध नाही, आधीची लसच कामाला येते. मग पाखरू हातात घेऊन नाकावरचा फुगीर भाग बघावा. तो खडूसारखा पांढरा हवा. राखाडी, मळकट झाला असेल तर श्वासात काहीतरी बिघडलंय. चोच उघडून टाळूवरची चीर बघावी; ती गुलाबी आणि कोरडी हवी, तिथे चिकट तार ताणली गेली तर ते पाखरू शर्यतीला पाठवू नये. साधारण पाखरू ढाबळीत वर्षभर असं रखडत राहील आणि कुणाच्या ध्यानात येणार नाही. ताशी साठ-सत्तर किलोमीटरने तासन्‌तास उडणाऱ्या पाखराचा मात्र दोष पहिल्याच लांब टप्प्यात उघडा पडतो.

पाण्याच्या भांड्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. ट्रायकोमोनास हा एकपेशी जीव कबुतराच्या घशात राहतो, तिथे पिवळट, दह्यासारखे थर करतो. कोरड्या जागी तो लगेच मरतो, पण एकाच भांड्यातून सगळ्यांनी पाणी प्यायलं की पसरतो, आणि पिल्लांना आईबापांच्या चोचीतूनच मिळतो. भांडं रोज घासून उन्हात वाळवावं. दोन भांडी ठेवून आलटून-पालटून वापरली तर हे सहज जमतं. आंघोळीचं घंगाळ आठवड्यातून एकदा, उन्हाच्या दिवशी, ढाबळीबाहेर. पाखरं नाहून झाली की ते पाणी लगेच ओतून टाकायचं. नाहीतर ती तेच पितात, आणि डासांनाही अंडी घालायला जागा मिळते. कबुतरांची देवी प्रामुख्याने डासांच्या चाव्यातून पसरते, आणि भाताच्या खाचरांनी वेढलेल्या गावात डास कमी कधीच नसतात. जाळी बारीक छिद्रांची घेतली तर डास अडतात, पण तिच्यावर धूळ बसून हवाही अडते. म्हणून ती दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडायला हवी. पिसांतून तिरकी पळणारी चपटी माशीही याच मोसमात जोर करते. ती कबुतराच्या रक्तात हिवतापासारखा परजीवी सोडते. तिचे काळे, तिळासारखे कोश घरट्याच्या भुकटीत पडलेले असतात आणि त्यांतून माशी निघायला तीन-चार आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी घरट्याचा तळ झाडून जाळला, तर फवारणीची गरज सहसा पडत नाही.

धान्याचं एकच सांगतो. मका, हरभरा, ज्वारी, बाजरी, भात, मूग, काहीही द्या, पण पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापुरतंच आणा. दमट मक्यावर धरणारी हिरवट बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष सोडते, ते यकृत खातं, आणि धान्य धुऊन किंवा भाजून ते पूर्ण जात नाही. एका पाखराला दिवसाला तीस-चाळीस ग्रॅम लागतं. वीस पाखरांना सव्वापाच किलोत आठवडा निघतो. बुरशीचा वास आला तर ते कोंबड्यांनाही घालू नका.

आणि पाळणाऱ्याची छाती. २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तेव्हा कबुतरांच्या शिटेने आणि पिसांनी फुप्फुसं बिघडतात हे घरोघरी पोचलं. शौकिनांना ते जुनंच आहे. वर्षानुवर्षं ती भुकटी श्वासात गेली की काहींच्या शरीराला तिचं वावडं होतं, फुप्फुसांना सूज येते, आणि दुर्लक्ष केलं तर फुप्फुसं कडक होतात. ढाबळ साफ केल्यावर चार-सहा तासांनी अंग मोडून ताप, कोरडा खोकला, आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, असं दोनदा झालं तर डॉक्टरांना कबुतरं पाळतो हे आपणहून सांगावं. ते विचारतीलच असं नाही. खरवडताना एन-९५ मास्क, ढाबळीसाठी वेगळा सदरा, तो घरात न आणता बाहेरच बदलणं. खूप वाळलेली शीट झाडण्याआधी पाण्याचा अगदी हलका फवारा मारला तर भुकटी उडत नाही. ढाबळीत पाण्याला मी दिलेली ही एवढीच सवलत. लहान मुलांना आणि दम्याच्या माणसाला या कामाला लावू नये. वर्षाला एका कबुतराची दहा-बारा किलो शीट जमते. ती खताला उत्तम, पण खड्ड्यात कुजवूनच वापरावी.

युरोपची जात आपल्या दमट हवेत टिकतच नाही, असंही कुणी म्हणू नये. ओडिशा पोलिसांनी १९४६ साली लष्कराकडून मिळालेल्या कबुतरांवर कोरापूटला निरोप्या कबुतरांची सेवा उभारली. बेल्जियन होमरच त्यात होते. १९८२च्या पुरात आणि १९९९च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्यावर त्यांनी निरोप पोचवले. ओडिशाची किनारपट्टीही दमटच आहे.

मासवणला किंवा आसपास ढाबळ बांधायचा विचार असेल तर जागा मे महिन्यात ठरवू नका, तेव्हा प्रत्येक जागा चांगली दिसते. जुलैत, पाऊस लागून राहिलेल्या दिवशी, छत्री घेऊन तिथे अर्धा तास उभे राहा. पाणी कुठे साचतं, सर कुठून मारते, वारा कुठे अडतो ते खुणा करून ठेवा. बांधकाम दिवाळीनंतर काढा, आणि पहिली जोडी आणण्याआधी रिकाम्या ढाबळीत उदबत्ती लावून बघा.